भारतात न आलेला स्विच २

आज टेबलावर जे यंत्र दिसतंय ते माझं नाही, हे आधीच सांगून टाकतो. हा निन्टेन्डो स्विच २ माझ्या कोल्हापूरच्या भाच्याचा. पैसे त्याचे, खरेदी माझी. दहा दिवस माझ्याकडे राहिलाय, आणि मी तो वापरलाय. आजच्या गप्पा त्या दहा दिवसांच्या, आणि त्याआधीच्या चार दिवसांच्याही. कारण खरं सांगायचं तर या कन्सोलचं माझं पहिलं मत तो सुरू करायच्या आधीच बनायला लागलं होतं, दुकानाच्या काउंटरवर.

५ जून २०२५ ला स्विच २ जपान, अमेरिका, युरोप अशा मोठ्या बाजारांत एकाच दिवशी विक्रीला आला. पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त नग गेले, असं कंपनीनंच जाहीर केलं. त्या यादीत भारत नव्हता. याच्या आधीचा स्विच मार्च २०१७ चा, तोही आपल्याकडे अधिकृतपणे कधी आलाच नाही. म्हणजे इथे त्याची जाहिरात नाही, छापील किंमत नाही, सर्व्हिस सेंटर नाही. तरी मिळतो. कसा मिळतो, ते पुढे येईलच.

भाच्याला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालंय. त्यानं पन्नास हजार साठवले आणि फोन केला, "मामा, तुम्ही चेन्नईत आहात, तिथं सगळं मिळतं म्हणे. बघता का?" पोराच्या पहिल्या मोठ्या खरेदीची जबाबदारी आपल्यावर आली की माणूस स्वतःच्या पैशांपेक्षा जास्त सावध होतो.

चेन्नईत "सगळं मिळतं" याला इतिहास आहे. १९६२ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराची सत्ता आली, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तमिळ कुटुंबांना सगळं सोडून परतावं लागलं. त्या निर्वासितांपैकी काहींनी १९६९ च्या सुमारास बंदराजवळ, आजच्या राजाजी सालईच्या फुटपाथवर दुकानं थाटली. तो बर्मा बाजार. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात परदेशी रेडिओ, टेपरेकॉर्डर, अत्तरं, पुढे व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीला जोडायचे गेम इथे मिळायचे. आपण घरी "व्हिडिओ गेम" म्हणायचो ना, ती पिवळी-लाल कॅसेट खोचायची, चालली नाही की फुंकर मारायची, ते बहुतेक सगळं निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकलांवर चालायचं. त्यामुळे आपल्या पिढीनं मारिओला ओळखलं, पण त्याच्या कंपनीला एक रुपयाही दिला नाही. मला वाटतं, ती कंपनी आणि आपण यांच्यातलं हे जुनं अंतर अजून मिटलेलं नाही.

असो. बर्मा बाजारात आणि माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवर मिळून मी सहा-सात दुकानं फिरलो. रिची स्ट्रीट म्हणजे आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा थोरला भाऊ समजा. दुकानाची नावं सांगणार नाही. सांगण्याचा उपयोगही नाही, कारण महिन्याभरात माल आणि भाव दोन्ही बदलतात.

एका ठिकाणी काउंटरवर दोन खोकी आली. एक ४४ हजाराला, दुसरं ५६ हजाराला. दोन्ही सीलबंद, दोन्हींवर तेच लाल चित्र. "व्हॉट डिफरन्स, अण्णा?" मी विचारलं. "सेम पीस सार, दॅट वन ओन्ली मारिओ एक्स्ट्रा," असं उत्तर आलं. आता पोराचं बजेट पन्नास. हात साहजिकच पहिल्या खोक्याकडे गेला.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण या सगळ्या बोलण्यातली सगळ्यांत महागडी गोष्ट हीच आहे. जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारांत विकला जातो. साध्या दुकानात मिळतो तो २०२५ मध्ये ४९,९८० येनचा होता, म्हणजे आपले साधारण तीस हजार रुपये. तेव्हा जगातला सगळ्यांत स्वस्त स्विच २ हाच होता. पण तो फक्त जपानी भाषेत चालतो. सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी निवडू म्हटलं तर तो पर्यायच नाही. शिवाय त्याला जोडायचं निन्टेन्डो खातंही जपान देशाचंच लागतं. दुसरा प्रकार सगळ्या भाषांचा, तेव्हा ६९,९८० येनचा, आणि तो फक्त कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात मिळतो. येन घसरलेला असताना परदेशी गिऱ्हाइकांनी आणि दलालांनी जपानमधला स्वस्त माल उचलून बाहेर नेऊ नये, म्हणून केलेली ही तजवीज असावी. जपानी गिऱ्हाइकासाठी ती चांगलीच आहे. पण ते खोकं चेन्नईच्या काउंटरवर येतं तेव्हा त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो.

त्या ४४ हजारांच्या खोक्यावर जपानी लिपीत एक छोटी पट्टी होती. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून पाहिलं: जपानी भाषा, देशांतर्गत वापरासाठी. दुकानदाराला दाखवलं. तो खरोखर चकित झाला की तसं दाखवलं, हे मी सांगू शकत नाही. "अपडेट विल कम सार," एवढंच म्हणाला. आता ही गोष्ट अपडेटनं बदलेल असं कंपनीनं कुठेही म्हटलेलं नाही. ती चूक नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. तेव्हा कोणी तुम्हाला बाजारभावापेक्षा दहा-बारा हजारांनी स्वस्त स्विच २ दाखवला, तर आधी त्या पट्टीवर बोट ठेवा.

शेवटी दुसऱ्या एका दुकानातून अमेरिकेचं खोकं घेतलं. त्यात 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा गेम येतो. २०२५ मध्ये अमेरिकेत हा जोड ५०० डॉलरचा होता, म्हणजे कर सोडून ४३ हजारांच्या आसपास. मला घासाघीस करून ५४ हजारांना पडला. वरचे चार हजार मी घातले, ते भाच्याला आत्ता हे वाचताना कळेल. कोणी नातेवाईक परदेशातून येणार असेल तर हिशेब बदलतो. २०२५ मधल्या बॅगेज नियमांत परदेशातून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला सोबतच्या सामानात ५० हजारांपर्यंत सूट होती, त्यावरच्या रकमेला ३८.५ टक्के कर. नुसता कन्सोल या सूटीत बसायचा. चेन्नईकरांना सिंगापूर जवळ, आणि तिथे तो आता रीतसर मिळतो. माझ्याकडे मात्र तेवढ्यात तिकडून येणारं कोणी नव्हतं.

पैसे देण्याआधी दुकानातच सुरू करून दाखवा, ही अट घातली. सुरू झाला, भाषा इंग्रजी आली, जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दुकानातल्या पोरानं स्क्रीनच्या कोपऱ्यात नख घातलं. त्याला वाटलं, वर कंपनीची नेहमीची प्लास्टिक फिल्म आहे. ती काढून मस्त टेम्पर्ड ग्लास लावून देऊ. मी जवळजवळ ओरडलोच. ही फिल्म काढायची नसते. स्क्रीन फुटली तर काचेचे तुकडे उडू नयेत म्हणून ती कारखान्यातच चिकटवलेली असते. ग्लास लावायची तर तिच्या वरून लावायची. मोबाइल दुकानात आपल्याला जी सवय लागलीय, फिल्म टराटरा काढायची, ती इथे अंगाशी येते.

बिलावर लिहून मिळालं: सात दिवसांची चेकिंग वॉरंटी. त्यानंतर तुमचं नशीब. आता शेजारी ठेवून बघा: प्लेस्टेशन ५ भारतात अधिकृत आहे, डिस्कवाला २०२५ मध्ये ५४,९९० ला मिळायचा, पक्क्या बिलावर, वर्षाच्या वॉरंटीसकट. जवळपास तेवढ्याच पैशात. वस्तू उघडून दुरुस्त करणारी आयफिक्सिट ही मंडळी आहेत, त्यांनी स्विच २ ला दुरुस्तीच्या सोयीसाठी दहापैकी तीन गुण दिलेत. बॅटरी घट्ट चिकटवलेली आहे म्हणतात. रिची स्ट्रीटवरचे कारागीर काहीही उघडतात हे खरं, पण सुटे भाग आणणार कुठून?

एवढं बोलून झाल्यावर आता यंत्राबद्दल बोलतो, आणि आवाज आपोआप बदलेल.

हातात घेतल्यावर पहिली जाणीव होते ती आकाराची. स्क्रीन ७.९ इंचांची, आधीची ६.२ होती. जाडी मात्र तेवढीच, १३.९ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर, त्यांना जॉय-कॉन म्हणतात, आधी रुळावरून सरकवून बसवावे लागायचे. आता चुंबकानं बसतात. जवळ नेलं की खट्‌कन धरतात. काढायला मागचं एक बटण दाबायचं. मी उगाचच वीस-पंचवीस वेळा काढघाल केली; घरातल्यांनी शेवटी हातातून काढून घेतला. पकड भक्कम आहे, एका बाजूनं धरून हलवलं तरी सुटत नाही. कंट्रोलरसकट वजन ५३४ ग्रॅम. आडवं पडून छातीवर धरून खेळलात तर पंधरा मिनिटांत मनगट सांगतं.

स्क्रीन मोठी, तेजस्वी, फुल एचडी. पण एलसीडी आहे, आणि वेगानं सरकणाऱ्या चित्राला मागे किंचित धूसर शेपूट येतं. ज्यांच्याकडे जुना ओएलईडी स्विच आहे त्यांना काळा रंग तितका काळा वाटणार नाही. मला पहिल्या दिवशी खटकलं, तिसऱ्या दिवशी विसरलो, आणि सातव्या दिवशी शेजारच्यांचा ओएलईडी पाहिल्यावर पुन्हा खटकलं.

टीव्हीला जोडायला डॉक आहे. तिथे चित्र ४के पर्यंत जातं. आत एनव्हिडियाची चिप आहे आणि डीएलएसएस नावाची एक युक्ती आहे. ती अशी समजा: रांगोळीचे सगळे ठिपके काढायला वेळ नसेल, तर मोजके ठिपके काढायचे आणि सवयीच्या हातानं मधल्या रेषा भरायच्या. यंत्र लहान चित्र तयार करतं आणि शिकवलेल्या नजरेनं ते मोठं करून दाखवतं. म्हणून एवढ्याशा पाटीवर 'सायबरपंक २०७७' सारखा अवजड गेम चालतो. पण आमच्या हॉलमधला टीव्ही ३२ इंची साधा फुल एचडी. त्यावर ४के चा काडीचा उपयोग नाही. तुमचाही तसाच असेल तर "४के साठी घेतो" हे कारण यादीतून काढून टाका.

जॉय-कॉन आडवा करून टेबलावर घासला की माउस होतो, हे ऐकून मी हसलो होतो. आमच्याकडे टेबलावर बसून टीव्ही बघतंय कोण? जमिनीवर चटई टाकून बसतो. चटईवर सेन्सर अडखळला, पण मांडीवर, पायजम्यावर, झकास चालला. मात्र कंट्रोलर त्या कडेवर धरायला पातळ पडतो, हात अवघडतो. रोज वापरायची गोष्ट नाही ती.

आणि मग मारिओ कार्ट. एका शर्यतीत चोवीस गाड्या, आणि रस्ते एकमेकांना जोडलेले, त्यामुळे शर्यत नसतानाही नुसतं भटकता येतं. मला 'नॉकआउट टूर' जास्त आवडला: सलग रस्ता, ठरावीक टप्प्यावर मागे राहिलेले बाद. रविवारी इमारतीतली पाच पोरं आली. दोघं तमिळ, एक मल्याळी, एक मारवाडी, एक आमची. चौघं खेळणार, एक रेफरी. कंट्रोलर एकच जोडी, पण जॉय-कॉन डावा-उजवा सुटा करून दोघांना देता येतो. जुन्या स्विचचेही चालतात, ते शेजारच्यांकडून आणले. तीन तास घरात कोण कुठल्या भाषेत ओरडतंय ते कळत नव्हतं. यंत्राच्या मेनूत मात्र तमिळ नाही, हिंदी नाही, मराठीही नाही. ज्या देशात विकायचंच नाही तिथल्या भाषा कशाला ठेवतील?

त्याच दुपारी एक गोष्ट लक्षात आली. कंपनीच्या माहितीपत्रकात वापरण्याचं तापमान दिलंय ५ ते ३५ अंश, आर्द्रता २० ते ८० टक्के. अग्निनक्षत्राचे दिवस मे अखेरीस संपतात असं पंचांग म्हणतं, पण चेन्नईचा उन्हाळा पंचांग वाचत नाही. आमच्या हॉलमध्ये एसी नाही, आणि भिंतीवरचा काटा ३४ वर होता. यंत्राची मागची बाजू चांगलीच गरम झाली, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. बंद पडलं नाही. पण मी त्याला टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढून छताच्या पंख्याखाली उघड्यावर ठेवलं, आणि उन्हात तापलेल्या गाडीत तर ते कधीच ठेवणार नाही. नागपूर, जळगाव, सोलापूरकडच्या मंडळींनी एप्रिल-मे मध्ये हे लक्षात ठेवावं. समुद्राकाठच्यांनी खेळून झाल्यावर डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावी. महाग काही नाही.

बॅटरीला कंपनी म्हणते २ ते ६.५ तास. मारिओ कार्टवर मला तीन तासांच्या आत-बाहेर मिळाले. अडॅप्टर ६० वॅटचा, १०० ते २४० व्होल्ट चालतो, म्हणून आपल्या २३० व्होल्टला ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फक्त अमेरिकेची पिन चपटी दोन पायांची, तिला जोड-पिन हवी. ती चांगली घट्ट घ्या. सैल पिन ठिणगी उडवते.

आता गेमचा खर्च, कारण खरी कळ तिथे आहे. भारतासाठी निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान नाही. खात्याचा देश दुसरा निवडावा लागतो. आमच्या खोक्यातला मारिओ कार्ट कार्डाच्या रूपात नव्हताच, डाउनलोड कोड होता, अमेरिकेचा. म्हणून भाच्याचं खातं अमेरिकेचं काढलं. पुढचे गेम घ्यायला इथल्या कार्डाचा भरवसा धरता येत नाही, बहुतेक जण डॉलरची गिफ्ट कार्डं घेतात. मारिओ कार्ट वर्ल्ड सुटा घेतला तर ८० डॉलर, म्हणजे सात हजारांच्या घरात. एक गेम!

छापील कार्डं कुठल्याही देशाची चालतात, ही चांगली बाजू. खेळून झालं की विकता येतात, उसनी देता येतात. पण त्यातही आता नवा प्रकार आलाय, गेम-की कार्ड. त्या कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड खोचायचं, मग सगळा गेम इंटरनेटवरून उतरवायचा, आणि खेळताना कार्ड आतच ठेवायचं. खोक्याच्या खालच्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं. 'स्ट्रीट फायटर ६' असा आहे. 'सायबरपंक' मात्र ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण मिळतो. गावाकडे मोबाइलच्या डेटावर ज्यांचं घर चालतं त्यांनी ती पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आतली जागा २५६ जीबी, आधीच्या ३२ च्या मानानं भरपूर. ती भरली की मात्र मायक्रोएसडी एक्स्प्रेस हेच कार्ड लागतं. ड्रॉवरमधलं जुनं मेमरी कार्ड गेम साठवायला चालत नाही. दुकानदार चालतं म्हणेल.

जुने स्विचचे बहुतेक गेम यावर चालतात, पण त्यासाठी सुरुवातीला एक अपडेट उतरवावं लागतं. 'सुपर मारिओ ओडिसी' ला फुकट सुधारणा मिळाली. 'झेल्डा' च्या दोन मोठ्या गेमना दहा डॉलरचं पॅक आहे, आणि ते घेतल्यावर जुना गेम लोण्यासारखा सरकतो. ज्याच्याकडे पहिल्या स्विचची कार्डं साठलेली आहेत त्याच्यासाठी स्विच २ अगदी पहिल्या दिवसापासून भरलेलं कपाट आहे. भाच्याकडे एकही नाही.

परवा रात्री त्याचा फोन आला. "मामा, खरं सांगा, घ्यायला हवा होता का?" मी त्याला म्हटलं, तू मला घेण्याआधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं, वर्षभर थांब, गेम येऊ देत, भाव उतरू दे, कोण जाणे कंपनीही येईल. एकट्यानं खेळायचं असेल तर त्याच पैशात वॉरंटीवालं यंत्र घे. पण तुझ्या खोलीवर चार पोरं राहतात, आणि मी रविवारी काय झालं ते पाहिलंय. तो हसला. मग विचारलं, "सात दिवसांची वॉरंटी संपली ना?" संपली. नवव्या दिवशी मी दोन्ही जॉय-कॉनच्या काड्या सेटिंगमध्ये जाऊन तपासल्या. आधीच्या स्विचमध्ये त्या आपोआप सरकायच्या, त्यावरून परदेशात खटले झाले होते, म्हणून धास्ती. सध्या दोन्ही सरळ आहेत.

भाचा पुढच्या शुक्रवारी रजा टाकून न्यायला येतोय. कुरियरनं पाठवू का विचारलं तर नको म्हणाला. बिल, अडॅप्टर, जोड-पिन आणि ते लाल खोकं एका पिशवीत भरून ठेवलंय. यंत्र अजून बाहेर आहे. इमारतीतल्या पोरांना या रविवारचं वचन दिलंय.